परळच्या मिस्त्रीकाकांना, आमची पद्मिनी चालू करून दिलीत त्याबद्दल

मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. चहा घेतलात आणि निघालात. मागून दोनदा निरोप पाठवला तरी तुमचं एकच, "गाडी चालू आहे ना, मग झालं." म्हणून हे पत्र. तुम्ही मोबाइलवर वाचत नाही हे मला ठाऊक आहे, तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितेय कारण माझ्यासारख्या आणखी कुणाच्या दारात इंजिनकाम करून आणलेली जुनी गाडी मुकी उभी असेल, तर तुम्ही त्या रविवारी काय केलंत ते त्यांना कळायला हवं.

ही गाडी बाबांची. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून ती बाहेर पडली, त्या जागेवर आज टोलेजंग इमारती आहेत. बाबा गेल्यावर गाडी उभीच होती. आरटीओचं पासिंग जवळ आलं तेव्हा ठरवलं, विकायची नाही, इंजिन नव्याने बांधून घ्यायचं. बोअर केलं, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह घासून घेतले. ऑपेरा हाउसची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालून एकेक पार्ट जमवला. दीड महिन्याने गाडी घरी आली, तीही टो करून.

आणि चालूच होईना. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, मध्येच कार्बोरेटरमधून 'फट्' असा आवाज यायचा, पेट्रोलचा वास सुटायचा, की पुन्हा शांतता. ज्याने बांधलं तो दोनदा येऊन गेला, मग फोन उचलेनासा झाला. दुसऱ्याने प्लग बदलले. तिसऱ्याने कॉइल बदलली, पॉइंट आणि कंडेन्सर बदलला. चौथ्याने कार्बोरेटर खोलून जेट साफ केले आणि बॅटरी बसली म्हणून नवी बॅटरी घ्यायला लावली. शेवटी एक जण म्हणाला, इंजिन परत उतरवावं लागेल. गाडी माझी, पैसे माझे, पण सगळे बोलायचे माझ्या भावाशी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही आलात ते हात मागे बांधून. पिशवीतून पाना काढला नाहीत. मला गाडीत बसवून म्हणालात, "ताई, सेल्फ मारा. मी सांगेपर्यंत सोडू नका." डोळे मिटून ऐकत राहिलात. मग म्हणालात, "चारही घरं, म्हणजे सिलिंडर, सारखी दाबतायत. इंजिन छान बांधलंय हो." तीन आठवड्यांत त्या इंजिनाबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं, काका. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तुम्ही पाहिलंत की नाही माहीत नाही.

मग विचारलंत, फट् आवाज सायलेन्सरमधून येतो की कार्बोरेटरमधून? कार्बोरेटरमधून, मी म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत. "पेट्रोल येतंय, करंट येतोय, दाब आहे. राहिली ठिणगी पडायची वेळ."

त्यानंतरचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. चारही प्लग काढलेत. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून भावाला मागून हळूहळू ढकलायला लावलीत आणि मला म्हणालात, "रेडिएटरकडचं पहिलं घर. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा, घट्ट." पुलीवरची खूण खुणेशी आली. "अंगठ्याला काही लागलं?" काहीच लागलं नव्हतं. "ढकल रे अजून." पुलीचा पूर्ण एक फेरा झाला, खूण पुन्हा जवळ यायला लागली आणि या वेळी आतून हवेने अंगठा असा उचलला की मी दचकले. फुस्स करून हवा निसटली. "हा खरा फेरा," तुम्ही म्हणालात.

पिस्टन वरखाली करणारी क्रँक दोनदा फिरते तेव्हा चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर एकदाच फिरतो, म्हणून पुलीची खूण दोनदा जुळते. एकदा पिस्टन दाब देऊन वर येतो, एकदा जळका धूर बाहेर टाकून. खूण दोन्ही वेळा तशीच दिसते, फरक फक्त अंगठ्याला कळतो. हे तुम्ही मला समजावलंत, भावाला नाही. मग डिस्ट्रिब्युटरची कॅप काढलीत आणि बोट न लावता म्हणालात, "आता तुम्हीच बघा, आतला फिरता रोटर कुणाकडे तोंड करून बसलाय." पहिल्याकडे हवा होता, बसला होता चौथ्याच्या वायरीकडे. बरोबर अर्धा फेरा उलटा. इन्टेक व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी ठिणगी पडत होती, म्हणून भडका उलटा कार्बोरेटरमधून यायचा. एवढ्यासाठी आम्ही इंजिन उतरवणार होतो.

ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. एक आणि चारच्या वायरी अदलाबदल, तीन आणि दोनच्या अदलाबदल. प्लग लावले, दुसऱ्या सेल्फला गाडी धडधडली. आमच्या चाळीच्या गॅलरीतून माणसं ओरडली, आई खाली धावत आली. आणि तुम्ही गाडी बंद केलीत! "वायरी अशा ठेवल्या तर उद्या दुसरा मिस्त्री बघेल आणि चुकेल. घर नीट लावून द्यायचं." वायरी मूळ जागी लावल्या, डिस्ट्रिब्युटर उचलून अर्धा फेरा फिरवून बसवला, मग बारा व्होल्टचा बल्ब लावून पॉइंट नेमका कधी उघडतो ते पाहत केसाकेसाने टायमिंग जुळवलंत. चालू झालेली गाडी बंद करून तासभर आणखी घाम गाळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

जाता जाता अर्थिंगची पट्टीही सोडवलीत. इंजिन रंगवताना तिच्या नटाखाली रंग गेला होता. काचपेपरने घासून लखलखीत केलीत आणि सेल्फ दुप्पट जोरात फिरायला लागला. जुनी बॅटरी मुळात खराब नव्हतीच. आणि काढून टाकलेला जुना कंडेन्सर डब्यातून शोधून, तपासून परत बसवलात.

तुम्ही लालबाग-परळच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर हयात घालवलीत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली, तेव्हापासून हाताला काम नाही म्हणालात. ते सांगताना आवाजात तक्रार नव्हती. पण मला फार लागलं ते. ही विद्या आता किती जणांच्या अंगठ्यात उरली असेल?

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे वेगळे आभार. मी ज्याने इंजिन बांधलं त्याच्यावर तोंडसुख घ्यायला लागले, तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. "बोअर बघा, बेअरिंग बघा, जीव ओतलाय त्याने. एक खूण बघितली, दुसरी बघायची राहिली. मीही पोरगा असताना हेच केलंय." मी त्याला फोन करून गाडी चालू झाल्याचं सांगितलं, नेमकं काय राहिलं होतं तेही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्या काकांना एकदा भेटायचंय. पाठवू का तुमच्याकडे?

गाडी ४६० किलोमीटर झाली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे अजून जोरात पळवलेली नाही, फार वेळ नुसती घुरघुरत उभीही ठेवलेली नाही. ५०० ला ऑइल बदलायचं आणि हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा एकदा कसायचे, हे लिहून ठेवलंय. येत्या रविवारी सकाळी आठला गाडी आवारातच उभी असेल. तुम्ही नुसते खुर्चीत बसा. नट कुठल्या क्रमाने कसायचे ते सांगा, पाना मी धरते.

तुमची,
निळ्या पद्मिनीवाली ताई