जुजूला ‘काळी जादू’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नायजेरियातून तस्करी करून युरोपात नेल्या जाणाऱ्या मुलींविषयीची बातमी आपल्या अंकात वाचली. हा विषय मराठी वाचकांपुढे आणलात याबद्दल आभार. पण मथळ्यात आणि मजकुरातही ‘जुजू’चं, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या ताईत, कौल, शपथा अशा श्रद्धांना मिळून म्हणतात त्या शब्दाचं, भाषांतर सरसकट ‘काळी जादू’ असं केलं आहे. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

नोकरीनिमित्त मी नऊ वर्षं नायजेरियातल्या लागोसला होतो. आमच्या गोदामाच्या हौसा समाजातल्या रखवालदाराच्या दंडाला चामड्याची शिवलेली पुडी असायची. ते तिला ‘लाया’ म्हणत. आत कुराणातली आयत लिहिलेला कागद. घामानं चामडं काळं पडलं होतं, शिवण उसवली की ते स्वतः दाभणानं टाके घालायचे. लहानपणी आजीनं माझ्या गळ्यात बांधलेला ताईत असाच होता, फक्त तांब्याचा. शेजारच्या योरुबा समाजातल्या बाई दुखणं आलं की आधी दवाखाना गाठायच्या आणि मग ‘बाबालावो’कडे जायच्या. बाबालावो म्हणजे इफाचा, योरुबांच्या कौल पाहण्याच्या विद्येचा, जाणता: ताडफळाच्या १६ बिया हातात खेळवून कौल पाहणारा, शेकडो पदं तोंडपाठ असलेला माणूस. त्या इफाचा युनेस्कोनं २००५ मध्ये मौखिक वारसा म्हणून गौरव केला आहे.

ताईत, कौल, झाडपाला, शपथ, दैवतं या सगळ्याला बाहेरच्यांनी एकच शब्द चिकटवला. ‘जुजू’ हा शब्द फ्रेंचमधल्या ‘खेळणं’ या अर्थाच्या शब्दावरून आला, असं बरेच कोशकार मानतात. म्हणजे जे तिथल्या लोकांचं देव्हाऱ्यातलं, ते परक्याला खेळणं वाटलं! आज नायजेरियातले लोकही बोलताना सर्रास जुजू म्हणतात, हे खरं. पण ताईत की करणी, हे त्यांना बोलण्याच्या ओघात कळतं. मराठीत ‘काळी जादू’ छापलं की ताईत बांधणारा रखवालदार आणि पोरी विकणारा दलाल एकाच रांगेत जाऊन बसतात.

तस्करीत नेमकं काय होतं ते पाहा. नायजेरियाच्या एडो राज्यातल्या मुलीला युरोपात काम देतो म्हणून सांगतात. निघण्याआधी तिला पुजाऱ्यापुढे बसवतात, तिची नखं, केस, कधी रक्त घेऊन पुडीत बांधतात. प्रवासाचं कर्ज फेडीन, पोलिसांकडे जाणार नाही, अशी शपथ तिच्याकडून घेतात. कर्जाचा आकडा हजारो युरोंचा. शब्द मोडला तर आपण मरू किंवा घरचे मरतील, या धाकानं ती देहविक्रीसाठी इटलीच्या रस्त्यावर उभी राहते. आपल्याकडे बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडताना जसा हात कापायचा, तसंच हे. त्या श्रद्धेला तस्करांनी सावकारीचा दस्तऐवज बनवलं आहे.

ही गाठ त्याच परंपरेतून सोडवायचा प्रयत्नही झाला. तो आपल्या बातमीत आला असता तर फार बरं झालं असतं. ९ मार्च २०१८ रोजी बेनिन सिटीच्या राजवाड्यात (हे शहर नायजेरियातल्या एडो राज्याची राजधानी, शेजारच्या बेनिन देशातलं नव्हे) तिथले ओबा, म्हणजे पारंपरिक राजे, एवुआरे दुसरे यांनी पुजाऱ्यांना जमवलं, अशा सगळ्या शपथा रद्द केल्या आणि तस्करांनाच शाप दिला. बातमी इटलीपर्यंत पोचली. काही मुलींनी पैसे देणं थांबवलं, काही बोलत्या झाल्या. पुढे तस्कर दुसऱ्या राज्यांत नेऊन शपथा घेऊ लागले, म्हणजे प्रश्न मिटला नाही. पण जे एरवी पोलिसांना साधत नव्हतं, ते एका राजाच्या शब्दानं काही जणींपुरतं तरी साधलं.

शोषणावर पांघरूण घाला असं मी म्हणत नाही. उत्तर घानात चेटकीण ठरवून हाकललेल्या बायका गंबागासारख्या छावण्यांत राहतात, ते क्रौर्यच आहे आणि ते त्याच नावानं छापलं पाहिजे. आपल्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही कुठल्या धर्मावर बोट ठेवलेलं नाही, अनुसूचीत एकेक कृत्य नावानिशी सांगितलं आहे.

बातमीतही तेवढं करा. जुजू हा शब्द जुजू असाच छापा, पुढे एका ओळीत अर्थ द्या. शपथ असेल तिथे शपथ लिहा, ताईत असेल तिथे ताईत, आणि तस्करी असेल तिथे तस्करी.

आपला,
एक वाचक, ठाणे