देवघरातले ‘कंपनीचे नाणे’ नेमके कशासाठी?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘घरात सापडले ईस्ट इंडिया कंपनीचे दुर्मीळ नाणे’ अशा आशयाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून छापून येतात आणि त्यांसोबतच्या छायाचित्रात बहुधा एकाच जातीची वस्तू असते. रुपयाएवढी किंवा त्याहून मोठी, चांदीचा मुलामा दिलेली गोल चकती. एका अंगाला रामपंचायतन किंवा द्रोणागिरी घेऊन निघालेला मारुती, आणि दुसऱ्या अंगाला इंग्रजी लिपीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘वन आना’, १८१८ हे साल व ‘यूकेएल’ अशी तीन अक्षरे. ही वस्तू कशासाठी केली असावी, असे अनेक घरांतून विचारले जाते. नाण्यांचा बरीच वर्षे अभ्यास करणारा एक वाचक म्हणून मला याचे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते, कारण उत्तर ठाऊक नसल्यामुळे साध्या माणसांची फसवणूक होत आहे.

हे कंपनीने पाडलेले नाणे नाही. ती पूजेची मुद्रा आहे. जत्रेच्या ठिकाणी आणि देवळाबाहेरच्या दुकानांत अशा मुद्रा विकत मिळत. भाविक त्या घरी आणून देवघरात टाकांशेजारी ठेवीत, लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडीत, कधी कडी डाकून गळ्यातही घालीत. अभ्यासक अशा वस्तूंना ‘टेम्पल टोकन’ म्हणतात, आणि त्यांतल्या राम-सीतेच्या आकृती असलेल्या मुद्रा ‘रामटंका’ म्हणून ओळखल्या जातात. जुन्या रामटंक्यांवर एका बाजूला सिंहासनावर बसलेले राम-सीता आणि त्यांच्याभोवती बंधू व मारुती, तर दुसऱ्या बाजूला धनुष्य घेऊन वनाकडे निघालेले राम-लक्ष्मण असतात, व कडेने मोडक्यातोडक्या नागरी अक्षरांत राम, लक्ष्मण, जानकी आणि हनुमान यांचा नामघोष असतो. कंपनीचे नाव असलेली चकती ही याच परंपरेतली पुढची, बाजारासाठी केलेली आवृत्ती होय. खऱ्या नाण्याचा थोडा भास असला म्हणजे लक्ष्मीपूजनात ती अधिक शोभते, एवढाच त्या इंग्रजी अक्षरांचा हेतू दिसतो.

आता १८१८ या सालाकडे पाहू. मराठी माणसाला हे साल सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या ३ जूनला दुसरा बाजीराव कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. परंतु सत्ता बदलली म्हणून बाजारातला पैसा एका रात्रीत बदलला नाही. पुण्याच्या टांकसाळीत अंकुशी, म्हणजे अंकुशाची खूण असलेले, रुपये पुढेही काही वर्षे कंपनीच्या अमलाखाली पडत राहिले, आणि खेड्यापाड्यांतला किरकोळ व्यवहार शिवराई या तांब्याच्या नाण्यावर चालू होता. मुंबई इलाख्यात कंपनीचा चांदीचा रुपया निघे तोही शाह आलम बादशहाच्या नावाने, फारसी मजकुराचा. तिच्या तांब्याच्या पैशांवर मालाच्या गठ्ठ्यांवर मारली जाणारी कंपनीची खूण आणि तराजू असे. सर्व इलाख्यांसाठी एकच नाणेपद्धती आली १८३५ साली, आणि त्या वर्षी कंपनीने तांब्यात अर्धा आणा, पाव आणा व आण्याचा बारावा भाग, म्हणजे पै, अशी नाणी पाडली. एक आण्याचे नाणे त्यांत नव्हते. सर्वसामान्यांच्या हाती एक आण्याचे नाणे आले ते १९०७ सालचे, तांबे-निकेलचे, नागमोडी कडेचे आणि सातव्या एडवर्डच्या मुद्रेचे.

याच प्रकारच्या काही चकत्यांवर १६१६ हे साल असते. त्या वर्षी इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो अजमेरला जहांगिराच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत होता. मुंबई बेट कंपनीच्या हाती आले १६६८ साली. ज्यांना वखारीसाठी बादशहाचे फर्मान मागावे लागत होते, ते त्याच बादशहाच्या मुलखात रामपंचायतनाचे नाणे पाडतील, हे संभवतच नाही.

कंपनीच्या नाण्यावर हिंदू देवता असूच शकत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. मद्रास इलाख्यात कंपनीने पाडलेल्या सोन्याच्या होनांवर देवांच्या आकृती होत्या, आणि त्यांतल्या एका प्रसिद्ध प्रकारावर दोन्ही देवींसह व्यंकटेश आहे. त्याही आधी, अकबराच्या अखेरच्या काळात, १६०४-०५ च्या सुमारास राम-सीतेची आकृती आणि ‘रामसीय’ ही नागरी अक्षरे असलेली नाणी निघाली होती. म्हणून केवळ मारुती दिसला एवढ्यावर निर्णय देणे बरोबर नाही. साल, किंमत, लिपी, धातू आणि घडण ही सगळी अंगे एकत्र पाहावी लागतात, आणि या चकतीच्या बाबतीत त्यांतले एकही १८१८ शी जुळत नाही.

धातूविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी उकल तिथेच होते. नाशिक जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने अशी एक चकती मला पाहायला दिली होती. मारुतीचा गुडघा आणि गदेचा गोळा हे सर्वांत उंच भाग. तिथे मुलामा झिजून खालचे पिवळे पितळ उघडे पडले होते. अक्षरांच्या खाचांत वर्षानुवर्षांचे कुंकू घट्ट बसले होते. माथ्यावर कडी डाकल्याचा काळपट डाग होता आणि कडेला, भिंगातून पाहिल्यावर, ओतकामात राहणारी बारीक छिद्रे दिसत होती. टांकसाळीत ठशाखाली पाडलेल्या नाण्यावर अशी छिद्रे राहत नाहीत. शिवाय चांदीचा थर इतका पातळ व सारखा होता की खोलगट भागांतही तो कुठे जाड-बारीक झालेला नव्हता. असा थर विजेच्या साहाय्याने चढवलेला असतो, आणि त्या पद्धतीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी घेतले १८४० साली. त्यापूर्वीही मुलामा देण्याच्या आणि तांब्यावर चांदीचा पत्रा बसवण्याच्या रीती होत्या, पण त्यांची ठेवण निराळी असते.

ज्यांना घरीच खात्री करायची आहे त्यांनी कानस किंवा आम्ल यांच्या वाटेला जाऊ नये. सराफाकडे कस लावल्यानेही ओरखडा पडतो आणि वरचा मुलामा फसवतो तो वेगळाच. वस्तूचे वजन सराफी काट्यावर करावे, मग ती दोऱ्याने काट्याला टांगून, पाण्यात पूर्ण बुडवून, भांड्याला टेकू न देता पुन्हा करावे. बारा ग्रॅमची वस्तू शुद्ध चांदीची असेल तर पाण्यात तिचे वजन सुमारे १.१ ग्रॅमने घटेल. पितळेची असेल तर सुमारे १.४ ग्रॅमने.

इतके असूनही या चकत्यांना लाखो रुपये देऊ करणारे दूरध्वनी येतात. वर सांगितलेल्या कुटुंबालाही असा दूरध्वनी आला होता. ‘नोंदणी शुल्क’ म्हणून त्यांच्याकडून आधी थोडी आणि मग मोठी रक्कम घेतली गेली, आणि खरेदीदार नाहीसा झाला. हे शुल्क भरण्यासाठी त्या घरातल्या माऊलीने कानातले मोडले होते, याचे मला अजून वाईट वाटते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धीपत्रक काढून स्पष्ट सांगितले आहे की जुनी नाणी व नोटा यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि अशा व्यवहारासाठी ती कोणाकडूनही शुल्क किंवा दलाली मागत नाही. तांदूळ ओढणाऱ्या ‘राइस पुलर’ नाण्याची थाप तर याहून वाईट. पितळ, तांबे किंवा चांदी यांतले काहीही तांदळाचा दाणा ओढत नाही; दाखवताना दाणा हलला, तर दाण्यात किंवा वस्तूत आधीच काहीतरी केलेले असते.

खात्रीचे मत हवे असेल तर ते आपल्याच राज्यात मिळू शकते. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, आणि मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे, जिथे खरी नाणी डोळ्यांनी पाहून तुलना करता येते. वस्तू घरातली नसून शेत नांगरताना किंवा पाया खणताना सापडली असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कंपनीचे नाणे नाही म्हणून ही मुद्रा टाकाऊ ठरत नाही. कोणत्या जत्रेतून ती आली, कोणी आणली, कोणत्या सणाला ताटात मांडली जात असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवले, तर अभ्यासकाला ते लाखाच्या कल्पित किमतीपेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. घासून लख्ख करण्याचा मोह टाळावा. खाचांतले कुंकू हाच तिच्या वापराचा पुरावा असतो.

संपादक महोदय, आपल्याला माझी एक विनंती आहे. यापुढे अशी बातमी आली तर ‘दुर्मीळ’ हा शब्द आणि किमतीचा आकडा छापण्यापूर्वी एखाद्या नाणेतज्ज्ञाचे मत घ्यावे, आणि छायाचित्र छापताना वस्तूच्या दोन्ही बाजू, कड, वजन व व्यास द्यावा. एवढे दिले तर अनेक वाचकांना आपल्या घरातली वस्तू स्वतःच ओळखता येईल.

आपला,
एक नाणे-अभ्यासक, नाशिक