हजेरी भत्ताच आजारी कामगाराला गेटवर आणतो

संपादक महोदय,

पावसाळा लागला, तापाची साथ आली, की कारखान्यांच्या सूचनाफलकावर 'रजांचे प्रमाण वाढले आहे' अशी नोटीस झळकते. दांड्या मारणारे सगळीकडे असतात. पण रजा का वाढतात, याचे उत्तर बहुधा पगारपत्रकातच असते.

राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगाराला आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिल्या दोन दिवसांचे मात्र काहीच मिळत नाही. म्हणजे तीन दिवस ताप आला, तर हाती पडतो एका दिवसाचा ७० टक्के रोज. शिवाय बऱ्याच ठिकाणी एका खाड्यात महिन्याचा हजेरी भत्ता पूर्ण जातो. मग माणूस गोळी घेऊन मशीनवर उभा राहतो. कंपनीच्या बसमध्ये, कँटीनमध्ये ताप पसरतो, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर गुंगीत हात जायची भीती वेगळीच, आणि तीन दिवसांत उतरला असता तो आजार दहा दिवस घेतो. उलटही घडते. पाच तारखेलाच भत्ता गेला की उरलेल्या महिन्यात हजेरीचे आकर्षणच संपते. ज्या भत्त्याने गैरहजेरी थांबायची, तोच ती वाढवतो!

ठेकेदाराकडच्या कामगारांची अवस्था याहून वाईट. नव्याने विम्यात आलेल्याला रोख लाभासाठी नऊ महिने थांबावे लागते. पुढे सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. मध्ये कामात 'ब्रेक' (खंड) दिला किंवा ठेकेदाराने वर्गणी भरली नाही, की हा हिशेब कोलमडतो. स्त्रियांच्या बाबतीत मुलाचा ताप स्वतःच्या नावावर लिहावा लागतो, कारण मुलासाठी रजाच नसते.

व्यवस्थापनांनी भत्त्याचे आठवड्यानुसार चार भाग करावेत. एक आठवडा हुकला तरी तीन शिल्लक राहतील. विमा दवाखान्याच्या दाखल्यावरची रजा त्यातून वगळावी आणि पहिले दोन दिवस कंपनीने भरून द्यावेत. साथ पसरून लाइन बंद पडण्यापेक्षा हे स्वस्त आहे. रजांची नोंद माणसागणिक न ठेवता विभाग, पाळी आणि कारण यांनुसार ठेवावी. एकाच लाइनवरून कंबरदुखीचे दाखले येऊ लागले, तर मेमो देण्याआधी तिथल्या टेबलाची उंची आणि उचलायचे वजन मोजावे.

– एक कामगार कल्याण अधिकारी, भोसरी