डिझेल बुलेट चालू करून देणाऱ्या पलूसकडच्या बापूंना

बापू, नमस्कार.

तुमचं नाव-गाव मला माहीत नाही, तिथं जमलेली पोरं तुम्हाला बापू म्हणत होती म्हणून मीपण बापूच म्हणतोय. तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत बसत असाल असं वाटत नाही, पण ताकारी-पलूस पट्ट्यातलं कोण ना कोण वाचेल आणि तुमच्या पोराच्या नाहीतर नातवाच्या कानावर घालेल म्हणून इथंच लिहितोय. पलूसच्या अलीकडं उसाच्या फडाला लागून, ऐन सीझनमध्ये, रस्त्याच्या कडेला बंद पडलेली डिझेलवरची बुलेट तुम्ही चालू करून दिलीत, तो साताऱ्याचा माणूस मी.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी गाडीबद्दल थोडं सांगतो, बापूंना यातलं काहीच सांगायला लागलं नव्हतं. एनफिल्डनं ऐंशीच्या दशकात डिझेल बुलेट काढली होती, पुढं तिचं टॉरस असं नाव पडलं. ३२५ सीसीचं ग्रीव्हज-लोंबार्डिनीचं इंजिन, ताकद साडेसहा हॉर्सपॉवर आणि वजन दोनशे किलोच्या घरात, आता तुम्हीच हिशोब करा. साठ-पासष्टच्या वर जायचं नाव नाही, खंबाटकी घाटात रिकामे ट्रकसुद्धा हॉर्न मारत पुढं जातात. पण लिटरला सत्तर-ऐंशी जायची आणि तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा लई स्वस्त, त्यामुळं दूधवाल्यांनी, शेतकऱ्यांनी बऱ्यापैकी घेतल्या. मग धुराचे नियम कडक झाले आणि २००० च्या सुमारास गाडी बंदच झाली. माझी कोरेगावकडच्या एका दूधवाल्याकडून घेतलेली आहे, एमएच ११ पासिंग, चेसीवर दोन्ही बाजूला कॅन अडकवायच्या हुकांचे घट्टे अजून तसेच आहेत, मी मुद्दाम रंग मारलेला नाही.

ही गाडी घेऊन बाहेर पडलं की काय काय होतं ते ज्याच्याकडं आहे त्यालाच माहीत. पंपावर डिझेलच्या लाइनीत उभं राहिलो की पोरगं हातानं खुणा करतं, पेट्रोल तिकडं, तिकडं. मी म्हणतो डिझेलच टाक, तो म्हणतो चेष्टा करताय व्हय, मग मालकाला हाक, मालक येऊन टाकीत वास घेऊन बघणार, तोपर्यंत मागचा टेम्पोवाला खाली उतरलेला असतो पण भांडायला नाही, बघायला. पीयूसीवाला दुचाकी दिसली की सवयीनं पेट्रोलची नळी उचलतो, आणि डिझेल म्हणलं की एकदा माझ्याकडं आणि एकदा आरसी बुककडं बघतो. एसटी स्टॉपवर पाठमोरी उभी असलेली माणसं आवाजावरनं रिक्षा समजून हात करतात आणि वळून बघितलं की हसतात. साताऱ्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, तर आवाज एवढा घुमतो की पुढच्या कारवाल्या बाई काच खाली करून मागं कुठला ट्रक आलाय ते बघत होत्या.

आणि गाडीवाले. बुलेटवाले लांबून टाकी बघून हात दाखवतात, जवळ आलो की आवाज ऐकून त्यांचा तो हात तसाच हवेत राहतो, ह्याला आपल्यात धरायचं का नाही तेच कळत नाही त्यांना. केटीएमवाली पोरं सिग्नलला विचारतात काका सायलेन्सर कुठला टाकलाय, मी म्हणतो कंपनीचाच आहे, तर म्हणतात काही पण. ट्रॅक्टरवाले मात्र कधी काही विचारत नाहीत, मान हलवतात आणि जातात, मला ते लई आवडतं. बाकी सगळ्यांचे प्रश्न ठरलेले, किती देते, कितीला घेतली, देणार का, आणि चौथा म्हणजे माझ्या मामाकडं पण होती. सगळ्यांच्या मामाकडं होती राव, मग गेल्या कुठं एवढ्या गाड्या. राग नाही येत, खरं सांगायचं तर निम्मं सुख त्यातच आहे, नाहीतर साठच्या स्पीडनं कोण फिरेल आजकाल.

पण गाडी बंद पडली की हीच माणसं नकोशी होतात. त्या दिवशी कराडवरनं तासगावला निघालो होतो, ताकारी गेलं, किर्लोस्करवाडी मागं पडली आणि इंजिन आधी खोकल्यासारखं करायला लागलं, मग आवाज बारीक बारीक होत बंदच झालं. किक मारून मारून पाय भरून आला. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उभा, त्याच्यावरची पोरं उतरली, रस्त्यानं जाणारे थांबले, पाच मिनिटात हीऽऽ गर्दी. आणि सल्ले तर विचारू नका. प्लग काढा, साफ करा. आता डिझेलच्या इंजिनाला प्लग कुठनं आणू. कॉइल गेली असंल. कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. कॉइल पण नाही आणि कार्बोरेटर पण नाही, असं सांगितलं तर एकजण माझ्यावरच चिडला, म्हणाला मग चालती कशावर ही. एका पोरानं बाटलीत पेट्रोल आणलं, एअर फिल्टरमधनं शिंपडू म्हणाला, लगेच उठती.

तेवढ्यात पुण्याकडची मोठ्या गाड्यांवरची पोरं थांबली, जॅकेट, हेल्मेटवर कॅमेरे, सगळं. त्यांना नावं ठेवणार नाही, चांगली होती पोरं, पाणी दिलं, पंक्चरचं किट काढलं, टूलबॉक्स उघडला, एकानं ओळखीच्या मेकॅनिकला फोन पण लावला. पण डिझेल म्हणल्यावर तो मेकॅनिक तिकडनं हसतानाचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. मग पोरांनी व्हिडिओ काढायला सुरुवात केली.

आणि मग तुम्ही आलात बापू. सायकलवरनं, कॅरिअरला गवताचा भारा, त्यात विळा खोचलेला. गाडी कुठली, किती देते, कितीला घेतली, काही नाही. सायकल स्टँडला लावलीत, हुकांच्या घट्ट्यावर एकदा बोट फिरवून म्हणालात दूध घालायची गाडी हाय, आणि मग मला एकच विचारलंत, "बंद पडताना एकदम पडली का दम टाकत?" मी म्हणलं दम टाकत. तुम्ही म्हणालात, "मग एअर घेतलीय तिनं." पेट्रोलची बाटली घेऊन आलेल्या पोराकडं नुसतं बघितलंत, त्यानं बाटली पाठीमागं नेली.

पुढचं मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय. तुम्ही पाइपाला हात नाही लावला आधी, खाली बसून नुसते बघत होता, टाकीपासनं फिल्टर, फिल्टरपासनं पंप. फिल्टरकडनं पंपाला जो रबरी पाइप जातो त्याच्या तोंडाशी धूळ बसून काळं कडं झालं होतं, मी रोज गाडी पुसतो आणि मला ते कधी खटकलं नव्हतं. तुम्ही म्हणालात डिझेल झिरपतंय तिथंच धूळ धरती, आणि जिथनं डिझेल भायेर येतंय तिथनं हवा आत जाती. पाइप काढला तर तोंडाशी उन्हानं कडक होऊन बारीक चीर गेलेली. विळ्यानं पुढचा बोटभर तुकडा उडवलात, पाइप परत चढवला, ट्रॅक्टरवाल्याकडनं तार घेऊन दोन वेढे मारून पिळलीत.

मला वाटलं झालं. तुम्ही म्हणालात, "आता हवा काढायची, नायतर दिवसभर किका मारशील." फिल्टरवरचा स्क्रू ढिला केलात, आधी फेस आला, बुडबुडे आले, मग डिझेलची सलग धार लागल्यावरच आवळलात. मग सतराचा पाना मागितलात, तो त्या पुण्याच्या पोरांच्याच टूलबॉक्समध्ये निघाला बरं का, आणि नोझलवरचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीवरचा, लोखंडी पाइपाचा नट सोडलात. एका पोराला डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे किक हलकी जावी म्हणून इंजिनातला दाब सोडायचा खटका धरायला लावलात आणि मला सावकाश किक मारायला. दुसरा एकजण कुठनं गळतंय ते दाखवायला बोट पुढं करत होता, त्याच्या हातावर असली चापट मारलीत की गर्दी हसली. तुम्ही हसला नाही. म्हणालात नोझलपुढं बोट कधी धरायचं न्हाय, दाबानं डिझेल कातडीत घुसतं, मग बोट काढायची पाळी येती. ते खरंच आहे, मी नंतर डॉक्टर मित्राला विचारलं, बाहेरनं टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि आतनं सगळं सडतं, तातडीनं ऑपरेशन करावं लागतं. तिथल्या एकालाही हे माहीत नव्हतं, मला पण नाही, आणि मी ही गाडी चालवतो.

नटाच्या बुडातनं डिझेल उडायला लागल्यावर तुम्ही नट आवळलात, कान खाली नेला आणि सगळ्यांना गप केलंत. किक मारली की नोझलातनं कर्र असा बारीक आवाज येत होता. "वाजतंय. मार आता." खटका सोडून मारली आणि दुसऱ्या किकला इंजिन उठलं, काळा धूर निम्म्या पब्लिकच्या तोंडावर, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी खिशात हात घातला तर तुम्ही म्हणालात पैशाचं ठेव, बंद कर, मला एकदा चालू करू दे.

मी डिझेल तोडून इंजिन बंद केलं आणि बाजूला झालो. वय काय असेल तुमचं, सत्तरीच्या पुढं नक्की. धोतर वर खोचलंत, खटका ओढलात, पायानं दोनदा सावकाश फिरवून अंदाज घेतलात, आणि एका किकेत गाडी चालू, एका. मला घेतल्यापासनं असं एका किकेत कधी जमलेलं नाही. मग तुम्ही हँडल धरून तसेच उभे राहिलात. सांगितलंत की विहिरीवर तुमचं पण असलंच इंजिन होतं, हँडल मारून चालू करायचं, मोटर बसल्यावर पडून राहिलं आणि शेवटी भंगारात घातलं. एवढंच, आणि लगेच, "एक्झॉस्टचं टॅपेट वाजतंय, इंजिन गार असताना बघून घे." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग.

मी म्हणलं बापू एक चक्कर मारा की. तुम्ही मनगटावरचं घड्याळ बघितलंत, लाइट आली असंल, दारं धरायची हायत, पिकाला पाणी पाजायचंय, म्हणून सायकल काढली आणि फडातल्या वाटेनं गेलात पण. नाव विचारीपर्यंत गर्दीनं मला परत घेरलं, किती देते, कितीला घेतली. एकजण म्हणाला माझ्या मामाकडं होती.

त्या पुण्याच्या पोरांनी नंतर व्हिडिओ पाठवला. गाडी सगळ्या बाजूनं आलीय, धूर आलाय, मी घामाघूम झालेला आलोय. तुमचं फक्त कोपर आलंय आणि सतराचा पाना. त्यामुळं फोटो टाकून शोधावं तर ते पण नाही, म्हणून हे सगळं लिहीत बसलोय.

पाइप साताऱ्यात आल्यावर नवीन टाकला, पंप आणि नोझलच्या जोडावरचे तांब्याचे वायसर पण बदलून घेतले. आणि टॅपेट. इथला माझा मेकॅनिक चाळीस वर्षं डिझेलच करतोय, त्याला म्हणलं एक्झॉस्टचं बघ, तो म्हणाला मला तर काही ऐकू येत नाही. उघडलं तर गॅप वाढलेला, एक्झॉस्टचाच. कोण बोललं हे म्हणून तो मलाच विचारत होता, मी म्हणलं पलूसचे एक बापू आहेत, तर म्हणाला एकदा घेऊन ये इकडं, मी म्हणलं आधी मला सापडू देत.

तर बापू, लई आभार. तिकडच्या कुणाला या वर्णनाचे बापू माहीत असतील, सायकल, गवताचा भारा, विहिरीवर आधी डिझेल इंजिन होतं, तर त्यांना एवढं सांगा की ऊस गेला, कामं जरा हलकी झाली की साताऱ्याचा तो बुलेटवाला कंदी पेढे घेऊन येतोय, दारं धरायची नसतील असा दिवस तेवढा कळवा. चक्कर मारायची राहिलीय तुमची. टाकी फुल करून आणतो, तासगावला जाऊन या नाहीतर पार विट्यापर्यंत, मी तोवर तुमची सायकल सांभाळत बसतो.