माग थांबला की

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण आमच्या कॉलेजच्या पोरांनी केलेल्या एका फिल्मनं माझी झोप उडवली आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

थरारपटाची फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांची, श्रेयनामावलीसकट, असा प्रकल्प होता. पाच गटांनी केली. चार गटांत काळा कोट, चाकू आणि जंगलातली पळापळ. त्यावर वेगळं काय लिहू! पाचवा गट वडगावचा. त्यातल्या एकाच्या घरी यंत्रमाग आहेत, तिथंच त्यांनी रात्री मोबाईलवर शूटिंग केलं.

पोरगा वडिलांचा डबा घेऊन मागाच्या खोलीत येतो. वडील जागेवर नाहीत, माग मात्र चालू आहे. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं पळतोय. मग भिंतीवर सावली, घड्याळाचे काटे, फरशीवर लाल डाग, किंकाळी, काळोख. शेवटी रक्त ठिबकल्यासारख्या अक्षरांत सगळ्यांची नावं, मराठीत आणि कन्नडातही. नावांनीच तीस सेकंद खाल्ले. दोन्ही लिपींत नावं द्यायची कल्पना मला मनापासून आवडली. पोरगा घरात मराठी बोलतो, वडिलांच्या शेठजींचा फोन आला की कन्नड, हेही त्यांनी आहे तसं ठेवलंय. ठिबकणारी अक्षरं तेवढी काढा म्हटलं.

चुका तुला बघताक्षणी दिसतील. खोलीत चोकवाली जुनी ट्यूब, आणि मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम्सवर, त्यामुळं सबंध चित्रावरून काळसर पट्टे सरकत राहतात. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब त्यानुसार लुकलुकते आणि ३० फ्रेम्सशी ते जुळत नाही. २५ फ्रेम्स आणि १/५० शटर ठेवलं की हे जातं, ते मी त्यांना तिथंच करून दाखवलं. दुसरं, पोरगा दाराकडं बघतो आणि दारातली सावलीही त्याच दिशेला बघते, म्हणजे दोघं मिळून तिसरंच काहीतरी बघताहेत असं वाटतं. कॅमेरा मागाच्या पलीकडं नेला आणि दोघांना जोडणारी १८० अंशांची रेषा ओलांडली गेली. हे सुधारण्यासारखं आहे, त्याचं मला काही वाटत नाही.

मला छळलं ते मधल्या बारा सेकंदांनी. माग थांबतो. लगेच पुढचा शॉट शेजारच्या खोलीतला: त्या पोराची आजी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसली आहे, तिचा हात थांबतो आणि ती मान वर करते. एवढंच. आवाज झाला म्हणून दचकणारी माणसं पडद्यावर आपण पुष्कळ बघितली. आवाज थांबला म्हणून दचकलेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. पोराला विचारलं, हे कुठून सुचलं? तो म्हणाला, "सुचायचं काय त्यात सर? रात्री माग थांबला की आमच्या घरात सगळ्यांना जाग येते."

आणि एवढ्या सोन्यासारख्या जागेवर त्यांनी कुठलंसं उतरवून घेतलेलं संगीत घातलंय, पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत. मी मूळ क्लिप मागून घेतली आणि हेडफोन लावून ऐकली. आजी मान वर करून म्हणते, "फेज गेला काय रं?" मागाला येणाऱ्या विजेच्या तीन तारांपैकी एक गेली असं तिला वाटलं; माग कधी बंद करणार हे पोरांनी तिला सांगितलंच नव्हतं. ते खरं वाक्य आहे रे, आणि ते संगीताखाली पुरलं गेलंय!

मग मी त्यांना समोर बसवलं. थरारपटांचा बादशहा हिचकॉकनं १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक ट्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सांगितलं. दोघं गप्पा मारताहेत आणि एकदम स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. तोच बॉम्ब आधी दाखवला, वेळ कळू दिली, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. ध्वनीचं काम बघणारी मुलगी जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या फिल्ममध्ये भ्या वाटतंय, खरं कशाचं ते कळंना. आम्ही सगळंच लपवून ठेवलंय." मी काही बोलायच्या आत तो मागवाला पोरगा उठला. एक फेज गेला तर माग थांबतो आणि ट्यूब जळतच राहते, म्हणून आजीला संशय येणार नाही, असं त्याचं म्हणणं. माग थांबायच्या आधी मागाच्या स्टार्टरवर, म्हणजे चालू-बंद करायच्या बटणावर, कुणाचा तरी हात दाखवायचा. आपल्याला माहीत, कुणीतरी बटण दाबलंय. आजी "फेज गेला काय रं?" म्हणून पुन्हा कांडी भरायला लागते.

माझ्या अंगावर काटा आला. चाकू नको, लाल रंग नको, सावलीसुद्धा नको. मला ही पोरं किती आवडली ते कसं सांगू! आपण त्यांच्या वयाचे असताना आपल्या घरातली भीती फिल्मला चालेल असं आपल्याला कधी वाटलंच नाही.

गुणपत्रिकेत कॅमेरा, ध्वनी, संकलन आणि नावं, प्रत्येकी पाच गुण. मी वीसपैकी तेरा दिले. आजीच्या मान वर करण्याला कुठल्या रकान्यात बसवायचं ते ठरेना, म्हणून खाली शेरा लिहिला आणि नव्याने करून आणलीत तर नव्याने तपासीन असं कबूल केलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा शूटिंग करताहेत.

आता तुझं काम. चालू मागाचा आवाज मोबाईलवर फाटतो. आणि माग थांबला की मोबाईल आपोआप आवाज चढवतो, त्यामुळं शांतता यायच्या ठिकाणी नुसती सूं सूं भरून राहते. खोलीचा मोकळा आवाज वेगळा घेऊन खाली पसरा, एवढं मी सांगितलंय. त्यापुढं मला येत नाही. ती मुलगी फार तयारीची आहे, तिला शिकवणारं कुणी इथं नाही. तू शनिवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याहून नीघ, सकाळी मी स्टेशनवर येतो. तुझा रेकॉर्डर आण, आणि मागाजवळ चालेल असा एखादा माईक. आजींना मी तुझ्याबद्दल सांगितलंय. त्या म्हणाल्या, पाहुण्यांना जेवायलाच घेऊन या, माग त्यानंतर थांबवू.

तुझाच,
बेळगावचा