61 पैकी 19

नाशिक, रविवार

प्रिय बाळ्या,

गणपतीपासून तुझा एकही फोन उचलला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. शुगर ताब्यात आहे, आई बरी आहे.

आपल्या कॉलेजच्या मेळाव्याच्या गूगल फॉर्मला 61 पैकी 19 उत्तरं आली. सरपंचानं स्वतःचं दोनदा भरलंय, म्हणजे 18च धर. ग्रुपवर लिंक टाकली की चार अंगठे येतात, मग कुणाचा तरी वाढदिवस निघतो आणि लिंक केकखाली गाडली जाते. आता ती 30 दिवसांसाठी पिन केली आहे, पण अंगठा देणारा फॉर्म भरत नाही, हे मी तुला लिहून देतो.

खरा घोळ फॉर्मातच होता. 27 प्रश्न! फोटो अपलोड करायला सांगितला की गूगल आधी लॉगिन मागतं. ‘एकाला एकच उत्तर’ चालू ठेवलं तरी तेच. पासवर्ड आठवत नाही, माणूस तिथूनच परत. दोन्ही काढले. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ देत, दुबार नोंदी शीटमध्ये मोबाइल नंबर बघून उडवू. वर उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता, नंबरांसकट. तेही बंद केलं. सक्तीच्या गोष्टी दोनच: नाव, आणि येणार की नाही. ‘येणार नाही, पण संपर्कात ठेवा’ हा पर्याय नव्हताच, त्यामुळे न येणारे गप्प बसले. मुलींना आधी कॉलेजातलं नाव विचारायचं, मग आताचं. नाहीतर कोण कुठली हे सांगायला तुलाच बोलवावं लागेल, तुला सगळ्यांची लग्नं पाठ.

तारीख मोकळी विचारली तर ‘दिवाळीनंतर बघू’ असं येतं. म्हणून तीन रविवार दिलेत, जमतील तेवढ्यांवर खूण करायची. मुक्कामाचा प्रश्न मात्र ठेवलाय. मुंबईकर म्हणतात पंचवटी एक्स्प्रेसनं येऊ. अरे, ती सकाळी इथून जाते आणि संध्याकाळी तिथून निघते, म्हणजे शनिवारी रात्रीच उतरणार. खोल्या किती, ते आत्ताच कळायला हवं. 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची स्नानं आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षावर ढकलू म्हणणाऱ्यांचं ऐकूच नकोस. केटररला मोठे किती, पोरं किती, जैन किती हे वेगवेगळं लागतं. पैशांचा उल्लेख फॉर्मात नाही. लिंक आणि यूपीआय एकत्र दिसलं की लोकांना फसवणूक वाटते, आणि त्यांचं चूक नाही.

पण मला खरं टोचतंय ते वेगळंच. ‘सध्याचा हुद्दा व कंपनी’ हा प्रश्न तिसऱ्याच नंबरवर होता, आणि न भरलेल्यांची नावं बघ: मास्तर, लंबू, पम्या. सातपूरची नोकरी गेल्यावर पम्यानं तिथे काय लिहावं? मी त्यांना आळशी म्हणत बसलो होतो. प्रश्न काढलाय, पण त्यांनी तो वाचलाय, आता नुसती नवी लिंक पाठवून भागणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्टही उपयोगाचा नाही; ज्यानं आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो पोचतच नाही.

तेव्हा काम तुझं. आधी स्वतःच्या आवाजात व्हॉइस नोट, लिंक नंतर. नुसती लिंक आजकाल कुणी उघडत नाही. फॉर्मात नाव आधीच भरलेली लिंक काढता येते, तशी प्रत्येकाची वेगळी केली आहे. उघडली की स्वतःचं नाव समोर. दोन दिवसांत हालचाल नाही तर रात्री नऊनंतर फोन लाव, बोलता बोलता उत्तरं विचार आणि त्याच्या वतीनं तूच भरून टाक. हुद्द्याची चौकशी चुकूनही नको. ‘येणार नाही’ म्हणाला तरी भर, आकडा पक्का होतो. नंतर उत्तर बदलता येईल अशी सोय ठेवली आहे, तेही सांग.

लंबूशी तुझं क्रिकेट किटच्या पैशांवरून अजून बंद आहे, ठाऊक आहे मला. साडेतीनशे रुपये होते रे! आणि ते तूच उडवलेस, हे मी आजही म्हणतो.

छोटीची अ‍ॅडमिशन झाली का? गच्चीची गळती? वहिनींना नमस्कार.

सोबत 11 नावांची यादी आहे. लंबूचं पहिलं.

तुझाच,
भटजी