फोन बंद पडले तर

पुणे, १२ एप्रिल २०२६

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण यात लिहिलेलं सगळं फोन बंद पडल्यावर लागणार आहे, म्हणून मुद्दाम कागदावर लिहितेय. वाचून झालं की देवघराशेजारच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवा. बाबा, कपाटात जपून ठेवू नका.

जर्मनीतल्या स्टुटगार्टचं नक्की झालं. १८ मेला निघते. दोन वर्षांचं काम आहे. मी दोनदा नाही म्हटलं होतं, तिसऱ्यांदा कुणी विचारलं नसतं. घराचं कर्ज आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंय. बाबा, तुम्ही "जा" म्हणालात तेव्हा सुपारी कातरत होतात. अडकित्ता थांबला नाही आणि तुम्ही वरही बघितलं नाहीत. मला ते दिसलं. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

तुम्हांला पुण्यात आणायचा हट्ट मी सोडलाय. वादळात वाडी आडवी झाल्यावर तुम्ही दोघांनी एकेक रोप पाणी घालून जगवलं. आता कुठे ती धरायला लागली. ती सोडून चौथ्या मजल्यावर येऊन बसा, असं माझ्यानं म्हणवत नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही श्रीवर्धनला आणि मी इतक्या लांब, हे मनातून जात नाही.

३ जून २०२० ची सकाळ आठवते ना? आई, तू म्हणालीस, "वारा चढतोय, झावळ्या पडतायत, ठेवते." दुपारी टीव्हीवर सांगितलं, निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. त्यानंतर पाच दिवस काही नाही. लॉकडाउन होता, निघता येईना. मी दर तासाला तुमचे दोन्ही नंबर लावायचे आणि "संपर्कक्षेत्राच्या बाहेर" ऐकायचे. ते वाक्य मला अजून सहन होत नाही. पाचव्या दिवशी शेजारचा मुलगा ताडपत्री आणायला माणगावला गेला आणि तिथून त्याने फोन केला, "काका-काकू बरे आहेत, पडवीचं छप्पर गेलं." तेवढं एक वाक्य पाच दिवस आधी मिळालं असतं तर! पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

टॉवर दर वेळी पडतोच असं नाही. वीज गेली की तो काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेलवर, आणि रस्त्यावर झाडं पडली की डिझेल पोचत नाही. केबल तुटली तर टॉवर उभा असूनही मुका. म्हणून वादळाचा इशारा आला, वारा सुटला, की पहिल्या काही तासांतच मला कळवा. फोन लावत बसू नका, व्हॉट्सॲपही नको. साधा एसएमएस करा, तो अगदी थोड्या रेंजवर निघून जातो. "दोघे बरे, घरात आहोत" एवढं पुरे. आई, मराठी टाइप करायचा तुला कंटाळा येतो, म्हणून हा मेसेज मी तुझ्या फोनमध्ये तयार ठेवते.

बाबा, आपला जुना काळा फोन वीज गेली तरी वाजायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून तारेनेच यायची. आताचा मोडेम घरच्या विजेवर चालतो. त्याला छोटा यूपीएस बसवते, पण त्यावर विसंबू नका, ती केबल खांबांवरूनच येते. तुमच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिमही घालते. एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची बघायची.

निरोप नागपूरच्या आत्याकडे द्यायचा. मागे आपण चिपळूणच्या मावशीला मधला माणूस केलं होतं, आणि २२ जुलै २०२१ ला तिच्याच घरात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. मधला माणूस कोकणाबाहेरचाच हवा. आत्याचा नंबर या कागदाच्या मागे मोठ्या आकड्यांत लिहिलाय. तो पाठ करा, दोघांनीही. फोन दिवसभर चालू ठेवून बॅटरी संपवू नका. सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, दहा-दहा मिनिटं चालू करायचा. त्या वेळी मी आणि आत्या दोघी लावत राहू.

आणि काहीच लागलं नाही तर एसटी. मी हॉस्टेलला असताना आई डबा पाठवायचीस, झाकणाच्या आत घडी केलेली चिठ्ठी, तेलाचे डाग पडलेली. मी आधी चिठ्ठी वाचायचे, मग आंबोळ्या. त्या चिठ्ठ्या अजून माझ्याकडे आहेत. रस्ते मोकळे झाले की आगारातून गाड्या सुटतात. चिठ्ठीवर आत्याचा नंबर घालून ड्रायव्हरला द्यायची आणि सांगायचं, रेंज आली की एवढा फोन करा. कोणीही करेल.

बाबांचं इन्सुलिन मे संपायच्या आत महिन्याभराचं जास्त आणा. फ्रिज बंद पडला तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात ठेवायचा. पाणी आत जाता कामा नये. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. गेल्या वेळी एटीएम बंद होतं, आणि आता तर मासेवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. शंभर-दोनशेच्या नोटांत पाच हजार घरात हवेत. ट्रान्झिस्टरचे सेल काढून वेगळे ठेवा, गळतात. आणि बाबा, वादळ सुरू असताना वाडीत जायचं नाही. एकही झाड वाचवायला नाही. मी रागावून सांगत नाहीये. रोपं परत लावता येतात, मीही येऊन लावेन.

आई, तुझा बी.पी. वाढेल असं काही लिहायचं नव्हतं. यातलं काहीच लागलं नाही तर मला सगळ्यांत जास्त आनंद होईल.

२ मेला घरी येते, चांगले दहा दिवस.

तुमची,
ताई

ता. क. रविवारी, २६ तारखेला, आपण एकदा करून बघू. सकाळी दोन्ही फोन आणि मोडेम बंद करा आणि पुण्याच्या गाडीने चिठ्ठी पाठवा. मी गाडीच्या वेळेला स्टँडवर थांबते. आई, डबा पाठवणार असशील तर चिठ्ठी झाकणातच घाल.